ब्लॅकजॅकच्या टेबलावरची ‘पोस्त’: किती द्यायची, कशी द्यायची, आणि मागितली तर काय करायचं?

मेंढीकोट

वेगासला ब्लॅकजॅक (पत्त्यांची बेरीज २१ च्या वर न जाऊ देता डीलरला हरवायचा खेळ) खेळून आलेल्या आपल्या मंडळींची तक्रार ठरलेली असते: पत्ते वाईट आले त्याचं काही नाही, पण डीलर टिपसाठी हात धुऊन मागे लागला. ही चर्चा चार धाग्यांत विखुरली आहे, म्हणून इथे एकत्र करू.

मागायच्या तऱ्हा साधारण अशा. ब्लॅकजॅक लागला (पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता) की पैसे सरकवताना चिप्सवर बोटं ठेवून क्षणभर थांबणं. २५ डॉलरची एक हिरवी चिप द्यायची तिथे ५ च्या पाच लाल चिप्स मोजून देणं, म्हणजे तुमच्याकडे सुट्टे तयार. शेजारच्याने टिप दिली की गरजेपेक्षा मोठ्याने आभार मानायचे आणि बघायचं मात्र तुमच्याकडे. आणि शेवटी सरळच: "पुढचा हात आमच्यासाठी लावताय ना?"

माझं मत आधीच सांगतो. टिप द्यावी, पण मागून घेतली तर ती टिप नव्हे, वसुली. प्रश्न तीन आहेत: रास्त रक्कम किती, द्यायची पद्धत काय, आणि दबाव आला तर खेळाचा विचका न करता त्यातून बाहेर कसं पडायचं.

एक विनंती. "मी पहिल्यांदा वेगासला गेलो तेव्हा" छापाचे किस्से शेजारच्या धाग्यावर. इथे कामाचं लिहा.

झब्बू

लग्नात नवऱ्याचा कान पिळणारा मेव्हणा परवडला. तो एकदाच पिळतो.

हिशेबनीस

आधी आकडे, मग भावना.

हाताला, म्हणजे एका डावाला, २५ डॉलर आणि तासाला ७० हात धरा. तासात १,७५० डॉलर टेबलावर फिरले. सहा डेकांचा शू (पत्ते वाटायचा डबा), ब्लॅकजॅकला ३:२ (दोन लावले तर तीन मिळणार), डीलर सॉफ्ट १७ वर (एक्का ११ धरून झालेल्या १७ वर) पत्ता घेतो, आणि तुम्ही बेसिक स्ट्रॅटेजी (गणिताने ठरलेल्या सर्वोत्तम चाली) चोख खेळता, तर कॅसिनोचा वाटा साधारण ०.६ टक्के. म्हणजे तासाला सरासरी साडेदहा डॉलरचा तोटा.

आता तासाला ५ डॉलरची एकच टिप दिलीत, तरी खेळाचा खर्च जवळजवळ दीडपट झाला. दर दहा मिनिटांनी पाच-पाच देत गेलात तर तासाचे ३० झाले. कॅसिनोला साडेदहा आणि डीलरला ३०. "पाच डॉलर म्हणजे काय मोठं" असं वाटतं, कारण आपण ते समोरच्या २५ च्या पैजेशी ताडून बघतो. ते तासाच्या तोट्याशी ताडून बघायचे असतात.

उतारी

@हिशेबनीस, चोख खेळतो कोण? बेरीज १२ असताना डीलरचा उघडा पत्ता २ दिसला की निम्मं टेबल घाबरून थांबतं. १६ वर ७ दिसला तरी थांबतात. विमा (डीलरला ब्लॅकजॅक लागेल अशी वेगळी पैज) घेतात. बाजूच्या पैजा लावतात. त्यांचा खरा तोटा तुमच्या ०.६ च्या कितीतरी वर असतो, त्यात पाच डॉलर कुठे शोधणार?

हिशेबनीस

मान्य. आणि विम्याचा विषय काढलातच म्हणून: सहा डेकांत डीलरचा एक्का उघडा असेल तर उरलेल्या ३११ पत्त्यांत दहाच्या किमतीचे ९६. २ ला १ मिळत असताना त्यात सरासरी ७.४ टक्के तोटा. डीलरने "विमा घ्या, चांगला हात आहे तुमचा" म्हटलं तर तो सल्ला नम्रपणे सोडून द्यायचा. हातात ब्लॅकजॅक असताना "इव्हन मनी घेणार?" (पैजेइतकेच पैसे लगेच घेणार का) विचारतात तोही विमाच, फक्त नाव गोड. ३:२ च्या टेबलावर तो घेऊ नये.

कटकार्ड

टेबलामागच्या बाजूने चार गोष्टी सांगते, कारण त्या माहीत नसल्या की सगळा राग चुकीच्या माणसावर निघतो.

डीलर लोक टिपला ‘टोक’ म्हणतात. ती चिप डीलर खिशात घालत नाही. गणवेशाला खिसे एकतर नसतात, असले तर ॲप्रनखाली झाकलेले. तो चिप उचलतो, ट्रेच्या कडेवर किंवा टोकच्या डब्यावर टक-टक वाजवतो, म्हणजे फ्लोअरवाल्याला (टेबलांवर देखरेख करणाऱ्याला) ऐकू जातं आणि कॅमेऱ्यात दिसतं, आणि मग फटीतून डब्यात टाकतो. टेबल सोडताना टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटसुलट दाखवतो तेही त्यासाठीच.

व्हेगासच्या बहुतेक कॅसिनोंत ही टोक एकत्र जमा होते. डीलरांचीच समिती ती मोजते आणि कामाच्या तासांप्रमाणे वाटते. म्हणजे तुम्ही समोरच्याला दिलेले ५ डॉलर त्या दिवशीच्या सगळ्या डीलरांत विभागले जातात. न्यू जर्सीत, म्हणजे अटलांटिक सिटीत, हे एकत्र करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पोकर रूमची गोष्ट वेगळी, तिथे डीलर बहुधा आपापली टोक ठेवतो.

टोक मागण्याला धंद्यात ‘हसलिंग’ म्हणतात आणि घरच्या, म्हणजे कॅसिनोच्या, नियमांत ते निषिद्ध असतं. वारंवार केलं तर नोकरी जाते. तेव्हा "इथे अशीच पद्धत आहे" असं कोणी म्हणालं तर पद्धत टिप देण्याची आहे, मागण्याची नाही.

किलवर_गुलाम

पण यांचा पगार ताशी २ डॉलर १३ सेंट असतो ना? मग बिचारे मागणारच.

कटकार्ड

नाही. २.१३ हा टिप मिळणाऱ्यांचा केंद्रीय किमान दर आहे, १९९१ पासून तसाच अडकलेला. तो जिथे राज्य चालवू देतं तिथेच चालतो. नेव्हाडात, म्हणजे वेगासच्या राज्यात, टिपच्या नावाखाली किमान वेतन कापता येत नाही. जुलै २०२४ पासून तिथलं किमान वेतन ताशी १२ डॉलर आहे. अर्थात बहुतेक डीलरांचा मूळ पगार त्याच्याच आसपास असतो आणि घर टोकवर चालतं, हेही तितकंच खरं. उपासमार नाही, पण पगारावर भागतही नाही.

बदाम_सत्ती

एकत्र जमा होते तर मग एकटा डीलर इतका जीव तोडून मागतो कशाला? त्याच्या वाट्याला पाचातले पाच सेंट येणार.

कटकार्ड

चांगला प्रश्न. दोन कारणं. एक, सहकाऱ्यांची नजर. ज्याच्या टेबलावरून डब्यात काहीच पडत नाही त्याला ब्रेक रूममध्ये टोमणे बसतात. दोन, सवय. ज्या घरात एकाने मागितलेलं खपतं तिथे सगळेच मागायला लागतात, आणि ते खपवून घेणारा फ्लोअरवाला असतो. म्हणून एखाद्या कॅसिनोत एका टेबलावर मागणी झाली तर शेजारच्या टेबलावरही होण्याची शक्यता जास्त. टेबल बदलण्यापेक्षा रस्ता ओलांडून दुसऱ्या घरात गेलेलं बरं.

त्यात साहेबांना वाटा द्यायचा की नाही यावरून वेगळी लढाई. २००६ मध्ये विन लास व्हेगासने डीलरांच्या जमा रकमेत टेबलावर देखरेख करणाऱ्यांनाही सामील केलं आणि वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. २०१८ च्या केंद्रीय दुरुस्तीने मॅनेजर आणि सुपरवायझरांना कर्मचाऱ्यांच्या टिपमधून हिस्सा घ्यायला मनाई केली.

चौकट_दुर्री

अवांतर: ‘टिप’ला आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. बक्षिसी, पोस्त, चिरीमिरी, खुशी, दक्षिणा. पोस्त सणाची, बक्षिसी वरून खाली दिलेली, चिरीमिरी टेबलाखालून, दक्षिणा नाही दिली तर पाप. धागाकर्त्याने पोस्त का म्हटलं?

मेंढीकोट

कारण पोस्त मागायला माणूस दारात उभा राहतो आणि हलत नाही :)

हिशेबनीस

आता मुद्द्याची गोष्ट. तुम्ही सगळ्यात मोठी टिप डीलरला देतच नाही, कॅसिनोला देता, आणि ती कोणी मागितलेलीही नसते.

टेबलाच्या कापडावर काय छापलंय ते बसायच्या आधी वाचा. "ब्लॅकजॅक पेज ३ टू २" की "६ टू ५". २५ च्या पैजेवर ३:२ ने ३७.५० मिळतात, ६:५ ने ३०. प्रत्येक ब्लॅकजॅकमागे साडेसात डॉलर गेले. ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा लागतो, म्हणजे ७० हातांत तीनेक वेळा. डीलरशी बरोबरी होते ते हात वजा केले तरी तासाला २४ डॉलरच्या आसपास जादा तोटा. टक्क्यांत जवळजवळ १.४.

म्हणजे ६:५ च्या टेबलावर बसलेला माणूस डीलरच्या पाच डॉलरवरून चरफडतो आणि त्याच तासात २४ डॉलर न मागता देऊन टाकतो. ३:२ च्या टेबलावर जा, त्यातले ५ किंवा १० डीलरला खुशाल द्या, तरी फायद्यात.

उतारी

३:२ ची टेबलं स्ट्रिपवर (वेगासच्या मुख्य कॅसिनो-रस्त्यावर) आता कमी किमान पैजेला मिळत नाहीत हो. १५ डॉलरच्या टेबलावर ६:५ च असतं बऱ्याचदा, ३:२ हवं तर पैज वाढवा. १५ च्या ६:५ ला दोन टक्क्यांनी तासाला २१ जातात. ५० च्या ३:२ ला ०.६ टक्क्यांनीही तेवढेच २१. म्हणजे कमी पैजेच्या माणसाची सुटका नाही.

हिशेबनीस

गणित बरोबर आहे. वरखाली मात्र ५० ला खूप जास्त होणार. म्हणून खिसा लहान असेल तर स्ट्रिप सोडून डाउनटाउनला, फ्रीमाँट स्ट्रीटच्या बाजूला शोधायचं.

बदाम_सत्ती

टिप द्यायची पद्धत कोणी नीट सांगेल का? चिप नुसती सरकवायची की डीलरसाठी पैज लावायची?

पिसणी

दोन्ही चालतात, पण परिणाम वेगळे. पद्धतशीर लिहितो.

पहिली, हातात देणं. म्हणजे हातात नाही, कापडावर. डीलरच्या हातात काहीही द्यायचं नसतं, नोटही नाही. हात संपल्यावर, पुढचे पत्ते निघायच्या आधी, चिप पैजेच्या वर्तुळाच्या बाहेर डीलरकडे सरकवायची आणि "फॉर यू" म्हणायचं. नुसती ठेवली आणि बोललात नाही तर तुम्ही सुट्टे मागताय असं त्याला वाटू शकतं.

दुसरी, डीलरसाठी पैज. चिप तुमच्या वर्तुळाच्या पुढच्या कडेला, डीलरच्या बाजूला ठेवायची. हात जिंकला तर मूळ चिप आणि जिंकलेली, दोन्ही डब्यात. हरला तर ती कॅसिनोची.

तिसरी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. चिप तुमच्याच पैजेच्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवायची आणि सांगायचं की वरची तुझी. कागदोपत्री ती तुमचीच पैज असते. जिंकला तर जिंकलेले ५ डीलरला द्यायचे आणि मूळ ५ तुमच्या ताब्यात. पुढच्या हाताला परत तीच वर. पण ती तुमच्या पैजेत मोजली जाते, तेव्हा टेबलाच्या कमाल मर्यादेवर खेळत असाल तर जमत नाही.

डबल (पैज दुप्पट करून एकच पत्ता घेणं) किंवा स्प्लिट (जोडीचे पत्ते वेगळे करून दोन हात खेळणं) करताना डीलरची पैज वाढवायची सक्ती नाही. डबल केलंत आणि त्याची चिप वाढवली नाहीत तर ती आहे तेवढीच राहते. डीलर आशेने बघेल. बघू द्या.

हिशेबनीस

@पिसणी, तिसऱ्या पद्धतीचा हिशेब जोडतो. डबल-स्प्लिट बाजूला ठेवून शंभरात साधारण ४२ हात जिंकता, ९ बरोबरीत, ४९ हरता. ५ ची चिप कडेला ठेवली तर तुमचा सरासरी खर्च ४.५५ (जिंकलात तरी जाते, हरलात तरी जाते), डीलरला सरासरी ४.२० पोचतात. तीच गठ्ठ्यावर ठेवली तर तुमचा खर्च २.४५, डीलरला २.१०. म्हणजे दिसायला तेवढीच टिप, खर्च निम्म्याच्या जवळ.

कटकार्ड

आणि डीलरला कळत नाही असं समजू नका :) पण तक्रार कोणी करत नाही. एक मात्र लक्षात घ्या, पैज लावून दिलेल्या टिपमधला काही भाग प्रत्येक वेळी कॅसिनो खातो. डीलरला पैसे पोचावेत एवढीच इच्छा असेल तर सरळ सरकवलेले ५ म्हणजे पूर्ण ५. पैज लावायची ती टेबलावर मजा यावी म्हणून. डीलर आणि खेळाडू एका बाजूला आल्यासारखं वाटतं, ते खरंही असतं, आणि डीलर पत्ता उलटताना जरा लांबवतो.

झब्बू

म्हणजे डीलर स्वतःच्या विरुद्ध पैज लावून स्वतः हरावं म्हणून देव पाण्यात घालून बसतो. याला म्हणतात नोकरी.

किलवर_गुलाम

टिप दिली की पत्ते चांगले येतात असं बरेच जण मानतात. काही तथ्य?

पिसणी

शून्य. डीलरला निर्णयच नसतो. १६ पर्यंत घ्यायचा, १७ ला थांबायचं, सॉफ्ट १७ ला काय करायचं ते कापडावर छापलेलं. शू मशीनने पिसलेला. तो फार तर पुस्तकातली चाल आठवण करून देईल, वेग कमी-जास्त करेल, इशारा अस्पष्ट असेल तर परत विचारेल.

आणि टिपच्या बदल्यात त्याने याहून जास्त काही केलं, म्हणजे झाकलेला पत्ता दाखवला, हरलेल्या हाताला पैसे दिले, तर त्याला संगनमत म्हणतात आणि नेव्हाडात तो फौजदारी गुन्हा आहे. दोघांचाही. कोणी डोळा मारून तसं सुचवलं तर चिप्स उचलून उठायचं.

चौकट_दुर्री

या अंधश्रद्धेवर खटला झालाय, गंमत म्हणून सांगतो. डीलरांचं म्हणणं होतं की खेळाडू आम्हाला सेवेबद्दल पैसे देत नाहीत, लहर आली म्हणून किंवा नशीब फळफळावं म्हणून देतात, म्हणजे ही भेट झाली, हिच्यावर कर कसला? खालच्या कोर्टाने ते मानलंही. १९७६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने ऑल्क खटल्यात ते उलटवलं: टोक हे उत्पन्न आहे, कर भरा. तेव्हापासून ती करपात्र. २०२५ च्या कायद्याने टिपवर वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत वजावट दिली आहे, २०२८ पर्यंत, आणि डीलर त्या यादीत आहेत. तेव्हा "टॅक्स जाऊन आम्हाला काही उरत नाही" हे रडगाणं पूर्वीइतकं खरं नाही.

उतारी

त्याच कायद्याने जुगाऱ्याला चिमटा काढलाय. २०२६ पासून हरलेल्या रकमेच्या ९० टक्केच वजावट, तीही जिंकलेल्या रकमेपर्यंत. अमेरिकेत कर भरणाऱ्यांनी नोंदी ठेवा.

बदाम_सत्ती

गोव्यात काय परिस्थिती? आपल्यातले निम्मे लोक तिथेच जाणार.

पिसणी

मांडवीतल्या बोटींचा मामला वेगळा. तिथे प्रवेशाचंच पॅकेज असतं: जेवण, पेयं आणि काही चिप्स धरून. बऱ्याच पॅकेजांतल्या चिप्स थेट रोख करता येत नाहीत, खेळून जिंकलेल्याच होतात. तेव्हा बसायच्या आधी कुठली चिप कुठली ते काउंटरवर विचारून घ्या, म्हणजे रोख होणारी चिप डीलरला आणि न होणारी स्वतःला असं व्हायचं नाही. टिप देण्याची रीत तिथेही आहे. वाढपी मोफत आणून देतो म्हणून त्यालाही द्यावी लागतेच. मूळ गोवेकरांना २०२० पासून खेळायला बंदी आहे, तेव्हा टेबलाभोवती बहुतेक आपण आणि गुजरात-दिल्लीकडचे.

किलवर_गुलाम

आणि महाराष्ट्रात?

चौकट_दुर्री

महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ साली झाला, कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं पत्ते पिसले, वाटलेच नाहीत.

झब्बू

+१ शेवटच्या वाक्याला.

उतारी

जगात सगळीकडे ही कटकट नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियात आणि इकडे सिंगापुरात डीलरला टिप घ्यायलाच कायद्याने मनाई आहे. दिलीत तरी परत सरकवतो. उलट फ्रेंच रूलेटमध्ये एका आकड्यावर ३५ ला १ लागला की एक चिप कर्मचाऱ्यांना देणं हा जुना शिष्टाचार. म्हणजे कुठे गुन्हा, कुठे संस्कार.

मेंढीकोट

चर्चा छान चालली आहे, पण माझा तिसरा प्रश्न लोंबकळतोय. दबाव आला तर काय करायचं? नेमकं सांगा. टेबलावर बसलोय, शू अर्धा झालाय, डीलर म्हणाला "नथिंग फॉर द डीलर?" पुढे?

पिसणी

आधी बसतानाच तयारी. टिपची रक्कम वेगळी काढा, समजा दोन तासांना २० डॉलर, चार लाल चिप्स. त्या मुख्य गठ्ठ्यात ठेवू नका, डाव्या हाताला वेगळ्या ठेवा. संपल्या की संपल्या. मोठ्या गठ्ठ्यातून मोडून द्यायची वेळ आली की माणूस चुकतो.

डीलरने हिरवीऐवजी लाल चिप्स मोजून दिल्या तर हात संपल्यावर पाच लाल पुढे सरकवून म्हणा, "कॅन आय गेट अ ग्रीन?" तो बिनतक्रार देतो. पत्ते वाटले जात असताना हे करू नका, आणि वर्तुळातल्या चिप्सना पत्ते निघाल्यावर हातच लावू नका. वरच्या कॅमेऱ्याला पैज बदलल्यासारखं दिसतं आणि मग भलताच विषय सुरू होतो.

तोंडाने मागितलं तर एकदा, हसून, "आय ॲम गुड फॉर नाऊ." एवढंच. कारण द्यायचं नाही. "हरतोय म्हणून" म्हणालात की पुढचा ब्लॅकजॅक लागताच तो म्हणणार, "आता जिंकलात की!" आणि "जाताना देतो" हे तर अजिबात म्हणू नका. डीलर साधारण तासाभराने ब्रेकला जातो, जागी दुसरा येतो. पहिल्याला दिलेला शब्द दुसऱ्याकडे कसा पाळणार? शिवाय हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याचा अर्थ त्यांच्या लेखी "देणार नाही" असाच.

दुसऱ्यांदा मागितलं तर वाद नको, तो शू संपवा आणि उठा. सगळ्या चिप्स पुढे सरकवून "कलर अप" म्हणा, म्हणजे लहानाच्या मोठ्या करून मिळतात. नेमक्या याच क्षणी शेवटचा प्रयत्न होतो: काही सुटी चिप वेगळी ठेवून डीलर प्रश्नार्थक बघतो. द्यायची नसेल तर बोट दाखवून "दॅट टू, प्लीज."

कटकार्ड

सहमत, एक भर घालते. उठायच्या आधी घाई नको. ब्रेकवर जायला दहा मिनिटं राहिली असतील तर थांबा, डीलर आपोआप बदलेल आणि जागा तुमचीच राहील.

खोचक बोलणं, मुद्दाम पत्ते भिरकावणं, टिप न देणाऱ्यावर वेग वाढवणं असं चाललं असेल तर टेबलावरून ओरडू नका. टेबलांच्या मध्ये कोट घातलेला माणूस किंवा बाई असते, ते फ्लोअर सुपरवायझर, काही टेबलं त्यांच्याकडे असतात. बाजूला होऊन त्यांना सांगा. टेबलाचा क्रमांक, वेळ आणि बिल्ल्यावरचं नाव, एवढं पुरतं. मोबाइल काढून चित्रण करू नका, सुरक्षारक्षक तुमच्याकडेच येईल. फ्लोअरने लक्ष दिलं नाही तर पिट मॅनेजर, मग शिफ्ट मॅनेजर.

किलवर_गुलाम

आणि त्यांनीही नाही ऐकलं तर गेमिंग बोर्डाकडे (कॅसिनोंवरच्या सरकारी मंडळाकडे) जायचं का?

कटकार्ड

टिपच्या दबावासाठी नाही, तो घरातल्या शिस्तीचा विषय. बोर्ड येतं ते पैसे देण्याच्या वादात. पैसे कमी दिले, हात चुकीचा वाचला, असं झालं तर. नेव्हाडात वाद ५०० डॉलर किंवा त्याहून जास्तीचा असेल तर कॅसिनोने बोर्डाला लगेच कळवायचं असतं. त्याहून कमी असेल तर तुम्हाला तपासणी मागण्याचा हक्क आहे हे त्यांनी तुम्हाला सांगायचं असतं. अशा वेळी पत्ते गोळा व्हायच्या आधी "होल्ड ऑन" म्हणून थांबवा, चिप्स उचलू नका, फ्लोअरला बोलवा. पत्ते उचलले की मग कॅमेऱ्यावर अवलंबून, आणि ते चित्रण किमान सात दिवस ठेवायचं असतं, कायमचं नाही.

उतारी

एका बाबतीत डीलरची बाजू घेतो. सगळी सूचना म्हणजे हसलिंग नव्हे. पाच लाल चिप्स देतो कारण काही वेळा ट्रेमध्ये हिरव्या कमी असतात. शेजारच्या टिपवर मोठ्याने आभार मानतो कारण टोक पडल्याचं फ्लोअरला कळायला हवं. संशय घेऊन बसलात तर प्रत्येक हालचालीत वसुली दिसेल.

मेंढीकोट

हे पटलं. सुरुवातीच्या यादीतली दुसरी आणि तिसरी तऱ्हा मागे घेतो. पहिली आणि चौथी कायम.

बदाम_सत्ती

मग रक्कम किती ते ठरवा आता कोणीतरी.

हिशेबनीस

२५ च्या टेबलाला तासाला ५, खेळ आणि वागणं चांगलं असेल तर १०. १५ च्या टेबलाला अधूनमधून एक-दोन डॉलरची पैज डीलरसाठी, १ ची पांढरी चिप असेल तर. मोठा जिंकून उठत असाल तर जास्त द्या, ती तुमची खुशी. पेयं आणून देणाऱ्या बाईला दर ग्लासाला एक-दोन डॉलर वेगळे, ते या हिशेबात धरू नका. हरत असाल तरी चांगल्या डीलरला तासाचे ५ द्यायला हरकत नाही, कारण हरणं त्याच्या हातात नव्हतं.

झब्बू

आणि वाईट डीलरला?

हिशेबनीस

त्याला "थँक यू." मोठ्याने, फ्लोअरला ऐकू जाईल असं.

चौकट_दुर्री

एक राहिलं. कॅशियरच्या खिडकीत चिप्स रोख करताना टिप द्यायची का?

पिसणी

गरज नाही. तिथे फक्त नोटा तुमच्यासमोर मोजून घ्या आणि खिडकीपासून हलायच्या आधी स्वतः एकदा मोजा.

झब्बू

आणि बाहेर पडल्यावर हॉटेलच्या दारात गाडी आणून देणारा उभा असतो. त्याचा धागा कोण काढतंय?